मानेचा वाटा

तोल गेला की बोट पायांकडे दाखवले जाते, फार तर कानाकडे. मानेचे नाव कुणी घेत नाही. तिच्याविरुद्धचा पहिला पुरावा मात्र १८४५ सालचा आहे, आणि तोही दुसऱ्याच वादातून हाती लागलेला.

प्राण्यांच्या मेंदूभोवतीचे पाणी काढले की ते झोकांड्या खातात, असे फ्रान्समध्ये शरीरशास्त्रज्ञ माझांदी सांगत असे. लाँझे या दुसऱ्या शास्त्रज्ञाने त्याला खोडून काढले. पाण्यापर्यंत पोचायला मानेमागचे स्नायू कापावे लागत. नुसते ते कापले, पाण्याला हातही लावला नाही, तरी प्राणी तसेच झोकांडत. म्हणजे इजा वाटेतच झाली होती!

त्याच दशकात बर्लिनच्या डॉक्टर रोम्बेर्गने डोळे मिटायला लावणारी चाचणी लिहून ठेवली. गरमीच्या रोगाने मज्जारज्जू पोखरलेले रुग्ण उजेडात बरे उभे राहत, पण तोंड धुताना डोळे मिटले की पुढे कोलमडत. पायांकडून येणारी खबर तुटली होती. डोळे तेवढे ती उणीव भरून काढत होते.

पुढे कानाचा काळ आला. आंतरकर्णावरच्या कामासाठी बारानीला १९१४ चे नोबेल मिळाले. उट्रेख्तमध्ये माग्नुसने मान वळवली की हातापायांचा ताण कसा बदलतो हे दाखवले, १९२४ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथही काढला. तरी मान दुय्यमच राहिली. १९७७ मध्ये माणसांच्या मानेत भूल देणारे इंजेक्शन दिले गेले, तेव्हा ती माणसे टोचलेल्या बाजूला कलू लागली.

असे का व्हावे? याचे एक उत्तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून २००१ मध्ये आले. स्नायू किती ताणला गेला हे मेंदूला कळवणाऱ्या सूक्ष्म संवेदकांची तिथे मोजदाद झाली, मानवी गर्भांच्या कवटीखालच्या चिमुकल्या स्नायूंत. त्यातल्या एका स्नायूत ग्रॅममागे २४२ संवेदक निघाले. अंगठ्याजवळच्या, नाजूक कामे करणाऱ्या स्नायूत ते सोळाच्या आसपास असतात. तेव्हा मानेला डोके पेलणारा नुसता खांब समजणे चुकीचे आहे.

दोनच वर्षांनी इटलीतल्या संशोधकांनी निरोगी माणसांचे मानेमागचे स्नायू मुद्दाम दमवले आणि त्यांना उभे केले. डोळे मिटताच शरीराचे डुलणे वाढले. उघड्या डोळ्यांनी फारसा फरक नव्हता. रोम्बेर्गचीच युक्ती, फक्त आता रोग नव्हता, थकवा होता. दमलेला स्नायू चुकीची खबर देतो, आणि मेंदू ती खरी मानून शरीर सावरायला जातो.

असले बहुतेक प्रयोग तरुणांवर झाले, आणि इथेच ते अपुरे वाटतात. मध्यमवयात तोल सावरणारी राखीव कुमक कमी झालेली असते. २००१ ते २००४ च्या अमेरिकी पाहणीत चाळिशीपुढच्या सुमारे ३५ टक्के लोकांना तोलाच्या चाचणीत अपयश आले. त्यातली कठीण पायरी होती डोळे मिटून मऊ फोमवर उभे राहण्याची. मराठीत चाळिशी म्हणजे चष्माही. तो दुहेरी भिंगाचा असेल, तर त्याच्या खालच्या भिंगातून संगणकाचा पडदा वाचायला हनुवटी वर धरून बसावे लागते, आणि त्याची किंमत मोजतात ते मानेमागचेच स्नायू.

दिवसभर असे बसून घरी आल्यावर तोंडाला साबण लावाल, डोळे मिटाल, तेव्हा एक हात बेसिनच्या काठावर असू द्या.