लहान शयनगृह आणि निळी भिंत

घरांतील सर्वांत लहान खोली बहुधा निजण्याकडे लावलेली असते. आणि तिच्या भिंती नव्यानें सजविण्याची वेळ आली म्हणजे निळा रंग सुचविणारें कोणी ना कोणी घरांत निघतेंच. निळा शांत, निळा थंड, निळ्यानें खोली मोठी दिसते, असें सर्वांनींच ऐकलेलें असतें. मग मंडळी दुकानांत जातात, भिंतीवर चिकटवावयाच्या कागदांच्या नमुन्यांचें पुस्तक चाळतात आणि तेथील लखलखाटांत तळहाताएवढ्या तुकड्यावर बोट ठेवून परततात. आठ दिवसांनीं तोच निळा रंग घरीं काळवंडलेला कां दिसतो, याचें त्यांना कोडें पडतें. दोष कागदाचा नसतो. निवड ज्या जागीं झाली त्या जागेचा असतो. रंग खोलींत निवडावा, ज्या वेळीं ती खोली वापरांत असते त्या वेळीं निवडावा, आणि त्याआधीं भिंतीची प्रकृति विचारून घ्यावी. एवढ्या तीन गोष्टी पाळल्या तर पैसा वांचतो, आणि निजणाराचें आरोग्यही वांचतें.

प्रथम निळ्या रंगाची कीर्ति कितपत खरी, तें पाहावें. कंधारच्या माळावरून बालाघाटाच्या रांगा न्याहाळल्या तर जवळची टेकडी तपकिरी आणि तिच्यामागील निळसर दिसते. मधली हवा सूर्यप्रकाशांतील निळा भाग तांबड्यापेक्षां पुष्कळ अधिक विखुरते. पुढें लॉर्ड रॅले या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८७१ सालीं याचा गणिती खुलासा केला. जें दूर तें निळसर, ही संवय डोळ्यांना जन्मापासून लागलेली असते. फिकी निळी भिंत किंचित् मागें सरल्यासारखी भासते, त्याचें हें एक कारण मानतात. मात्र हा गुण फिक्या छटेचा आहे. अपुऱ्या उजेडांत गडद निळी भिंत उलट अंगावर येते. थंडाव्याविषयीं म्हणावें तर तो मनाचा आहे, थर्मामीटरचा नव्हे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर चढला असतां आंतील भिंत निळी केल्यानें तो खालीं येत नाहीं. उष्णता उतरते ती वरून. म्हणून खरा थंडावा हवा असेल तर छताच्या वरच्या अंगास पांढरा चुना देणें अधिक फलदायी होय.

आतां उजेडाचा विचार. निजण्याची खोली दुपारीं फारशी कोणी पाहत नाहीं. ती दिव्याच्या उजेडांत पाहिली जाते. दिव्याच्या वेष्टनावर २७०० केल्विन असा आंकडा छापलेला असेल तर त्याचा प्रकाश पिवळसर असतो. त्यांत निळा भाग थोडा असल्यामुळें निळी भिंत त्याखालीं मळकट, राखाडी किंवा हिरवट दिसूं लागते. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखालीं तीच भिंत स्वच्छ निळी, पण कांहींशी कठोर दिसते. दिवा मालवल्यावर आणखी एक गंमत घडते. अंधुक उजेडांत डोळ्याला तांबडा रंग काळपट आणि निळा रंग त्या मानानें उजळ दिसतो. पुर्किन्ये या शरीरशास्त्रज्ञाच्या नांवानें हा परिणाम ओळखला जातो, आणि त्यानें तो १८२५ सालीं प्रसिद्ध केला. शिवाय लहान खोलींत समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात, त्यामुळें तो नमुन्यापेक्षां गडद भासतो. यासाठीं मनांत भरलेल्या छटेहून एक पायरी फिकी छटा घ्यावी. नमुन्याचा हातभर तुकडा भिंतीला टांचून तो सकाळीं, दुपारीं, दिवा लावल्यावर आणि दिवा मालवल्यावर, असा निदान दोन दिवस पाहावा.

निळा प्रकाश झोप उडवितो, असें हल्लीं पुष्कळ ऐकूं येतें, आणि त्यामुळें कित्येकांना निळ्या भिंतीचीही धास्ती वाटते. डोळ्याच्या पडद्यांत दिवस-रात्र ओळखणाऱ्या निराळ्या पेशी असतात, त्यांची स्पष्ट ओळख २००२ सालीं पटली, आणि निळसर प्रकाशानें त्या विशेष जागृत होतात, हें खरें. पण हा दोष पांढऱ्या प्रखर दिव्यांचा आणि उजळ पडद्यांचा आहे. भिंत स्वतः प्रकाश निर्माण करीत नाहीं. दिवा जें देईल त्यांतीलच कांहीं ती परत करते. निजण्यापूर्वीं दिवा पिवळसर व मंद ठेवला म्हणजे निळी भिंत निरुपद्रवी होते.

यापुढें भिंतीची प्रकृति. कंधारसारख्या जुन्या गांवांत दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद आणि उजेडास एखादा झरोका, अशीं घरें अजून आढळतात. अशी भिंत पावसाळ्यांत जमिनींतून ओल ओढते आणि पुढें कित्येक महिने ती हळूहळू हवेला देते. तिच्यावर प्लास्टिकचा थर असलेला कागद चिकटविला कीं ओलीची बाहेर पडण्याची वाट बंद होते. वरून भिंत सुंदर दिसते. आंत कागदाच्या पाठीवर बुरशी वाढते. खळ कसरीला आणि झुरळाला आवडते, कागद वाळवीला आवडतो. त्या बुरशीचे कण रात्रभर श्वासांत जातात, आणि ज्या घरांत दम्याचें माणूस वा तान्हें मूल त्या खोलींत निजतें, तेथें ही शोभा महाग पडते. म्हणून आधीं परीक्षा करावी. एक फूट लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनीं चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस बंद ठेवावा. आंतल्या बाजूस दंव जमलें तर ओल भिंतींतील आहे असें समजावें, आणि कागदाचा विचार सोडून द्यावा.

ओलसर भिंतीला चुना हाच जुना आणि खरा सोबती. तो हवेंतील कर्बवायु शोषून दगडासारखा घट्ट होतो, तरी भिंतीचा श्वास कोंडत नाहीं. त्यांत मिसळावयाची नीळ मात्र पारखून घ्यावी. अठराव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन येथें निघालेला प्रशियन निळा हा चुन्याच्या तिखटपणानें बिघडून तपकिरी पडतो. अल्ट्रामरीन या जातीची नीळ चुन्यांत टिकते. हा रंग पूर्वीं लाजवर्द नांवाच्या मौल्यवान दगडापासून काढीत. मराठवाड्यांतील अजिंठ्याच्या चित्रांतही लाजवर्दाचा निळा रंग आढळतो, आणि हा दगड अफगाणिस्तानांतील बदख्शानच्या खाणींतून येत असे. फ्रान्समधील एका संस्थेनें कृत्रिम अल्ट्रामरीनसाठीं १८२४ सालीं ६००० फ्रँकांचें बक्षीस लावलें, तें १८२८ सालीं गिमे या रसायनशास्त्रज्ञास मिळालें. आणि राजवाड्यांतला रंग सामान्यांच्या घरीं पुड्यांतून येऊं लागला. पूड प्रथम थोड्या पाण्यांत कालवून, वस्त्रगाळ करून, मग चुन्यांत घालावी. ओला हात गडद दिसतो व वाळल्यावर पुष्कळ फिका होतो, म्हणून कोपऱ्यांत लहानसा पट्टा देऊन एक दिवस वाट पाहावी.

भिंत परीक्षेस कोरडी उतरली, तर कागद अवश्य लावावा. पण हिशेब करून. बाजारांतील नेहमींची गुंडाळी २१ इंच रुंद व ३३ फूट लांब असते. ८ फूट रुंद, १० फूट लांब आणि ९ फूट उंच खोलीचा परीघ ३६ फूट, म्हणजे ४३२ इंच. त्यास २१ पट्टे लागतात. एका गुंडाळींतून ९ फुटांचे तीनच पट्टे निघतात, म्हणून दारें-खिडक्या न वगळतां ७ गुंडाळ्या. तेंच उशामागच्या ८ फुटी एकाच भिंतीला ५ पट्टे, म्हणजे २ गुंडाळ्या पुरतात. फुलांची नक्षी जुळवावयाची असेल तर कागद अधिक जातो. लहान खोलींत एकच भिंत निळी आणि उरलेल्या तीन दुधी पांढऱ्या, ही योजना खिशाला आणि डोळ्यांना दोहोंनाही मानवते.

शेवटीं, निवड कोणी करावी? बहुतेक घरांत कर्ता पुरुष दुकानांत जाऊन ठरवितो, आणि त्या खोलींत निजतात मात्र आजी किंवा मुलें. ज्याला रात्रीं जाग आल्यावर ती भिंत पाहावयाची आहे, त्याच्याच उशाशीं नमुना टांचून दोन रात्री राहूं द्यावा. तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्यालाच विचारावें.