परसांतील जास्वंद

जास्वंद कोणी समारंभानें लावली, असें सहसा ऐकिवांत येत नाहीं. मोरीच्या पाण्याजवळ घरांतील एखाद्या वडीलधाऱ्या बाईनें खोंचून ठेविलेली फांदी जगली, वाढली आणि तीन पिढ्यांच्या देवपूजेस फुलें पुरवीत राहिली, हाच बहुतेक घरांतील तिचा इतिहास. आतां ते वाडे पाडले जात आहेत, त्यांच्या जागीं सदनिका उठत आहेत. आणि पाडकामाचा मक्ता घेणाऱ्याच्या लेखीं जास्वंद म्हणजे दगडविटांबरोबर उचलून टाकावयाचें एक झुडूप. तेव्हां वाडा मोकळा करून देण्यापूर्वीं त्या झाडाचें काय करावें, हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांपुढें खरोखरीच उभा आहे.

त्याचें उत्तर त्या झाडाच्या स्वभावांतच आहे. आपल्याकडील जुनी लाल जास्वंद बी क्वचितच धरते. तिचा वंश फांदीनें चालतो. कोयीपासून उगवलेला आंबा कसा निघेल ह्याची शाश्वती नसते. जास्वंदीच्या फांदीपासून मात्र तेंच झाड आणि तोच रंग मिळतो. आजेसासूबाईंच्या हातची जास्वंद तिसऱ्या मजल्याच्या गॅलरींत नेतां येते, ती अशी.

पावसाळ्याच्या आरंभीं पेन्सिलीएवढी जाड, ना कोंवळी ना जून, अशी फांदी निवडावी. सहा ते आठ इंच लांबीचे तुकडे धारदार चाकूनें, डोळ्याच्या लगेच खालीं तिरपे कापावे. वरचीं दोन पानें ठेवून बाकीचीं काढावीं, आणि तीं दोनही निम्मीं कातरावीं. कारण पानांतून उडून जाणारें पाणी मुळें नसलेल्या फांदीस भरून काढतां येत नाहीं. निम्मी वाळू व निम्मी माती घातलेल्या कुंडींत दोन डोळे बुडतील इतकी फांदी खोंचावी, माती ओलसर राखावी व कुंडी सावलींत ठेवावी. चार ते सहा आठवड्यांत मुळें धरतात. ह्या अवधींत घरांतील मुलें फांदी उपटून मुळें फुटलीं कीं काय हें पाहतात. त्यांस आवरणें हा ह्या विद्येंतील सर्वांत कठीण भाग होय. सर्वच फांद्या जगत नाहींत, म्हणून एकीऐवजीं पांचसहा लावाव्या.

हिची आपल्याशीं सोबत जुनी आहे. संस्कृतांत हिला जपा किंवा जवा म्हणतात. नवग्रहस्तोत्राच्या पहिल्याच श्लोकांत सूर्याच्या वर्णास हिची उपमा आहे, आणि मेघदूतांत कालिदासानें महाकालाच्या स्थानीं सायंकाळच्या मेघास ताज्या जपापुष्पाची लाली दिली आहे. वेदान्त्यांचा स्फटिकाचा दृष्टान्त तर हिच्यावांचून अडलाच असता! असें असूनही ही जाति रानांत आपोआप उगवलेली सापडत नाहीं. जेथें माणसानें लावली तेथेंच ती आहे. लिनीयसनें १७५३ सालीं दिलेल्या शास्त्रीय नांवांत तिला चीनचा गुलाब म्हटलें, आणि मलायानें १९६० सालीं तिला राष्ट्रपुष्प केलें. भेंडी, कापूस व अंबाडी हीं तिचीं सगोत्र होत.

कोंकणांतील तांबड्या, आम्लधर्मी मातींत जास्वंद फारशा निगेवांचून माजते. देशावरील चुनखडीच्या जमिनींत मात्र कोंवळीं पानें पिवळीं पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक त्यास पाण्याची कमतरता समजून अधिक पाणी ओततात, आणि झाड अधिकच खंगतें. मूळ कारण असें कीं, चुन्यामुळें मातींतील लोह मुळांस नीट घेतां येत नाहीं. अशा ठिकाणीं बारा इंची कुंडींत शेणखत व पालापाचोळ्याचें खत सढळ हातानें मिसळून झाड लावावें, आणि बुडाचें भोंक मोकळें असल्याची खात्री करावी. वरची बोटभर माती कोरडी झाल्यावरच पाणी घालावें. चहाचा चोथा घालण्याची हल्लीं फार आवड आहे. तो आधीं धुऊन घ्यावा, नाहीं तर साखरेमुळें मुंग्यांस आमंत्रण होतें.

निदान पांच तास ऊन न मिळाल्यास पानें भरपूर येतील, पण फुलांची आशा करूं नये. कळ्या न उमलतां गळत असल्यास बहुधा पाण्याची अनियमितता किंवा अतिउष्णता कारण असते. तरी कळी फोडून आंत कीड आहे काय, हें पाहावें. छाटणीस पुष्कळजण कचरतात. परंतु फूल नव्या फुटव्यावरच येत असल्यानें छाटणीवांचून झाड उंच व रिकामें होतें. भाद्रपदांत गणपतीस फुलें हवीं असतील त्यांनीं ज्येष्ठाच्या आरंभींच एकतृतीयांश फांद्या कमी कराव्या.

पानांच्या बगलेंत पांढरा कापूस दिसला म्हणजे पिठ्या ढेकूण आला असें समजावें. तो रस शोषून गोड चिकटा सोडतो, आणि त्या लोभानें मुंग्या त्याची राखण करतात. म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त न करतां केलेला उपाय टिकत नाहीं. प्रथम पाण्याच्या जोरदार धारेनें झाड धुवावें. मग लिटरभर पाण्यांत चमचाभर निंबोळी तेल व किंचित् साबण घुसळून सायंकाळीं पानांच्या खालून फवारावें, आणि आठवड्यानें तसेंच पुन्हां करावें. दुकानदार झाडाच्या रसांत भिनणारें विष देऊं लागेल, तें घेऊं नये. तें धुऊन निघत नाहीं. आणि ह्या फुलांचें केसांसाठीं तेल काढतात, मुलें देठाकडील मध चोखतात.

फूल एकच दिवस टिकतें, परंतु तोडल्यावर त्यास पाणी लागत नाहीं. पहांटे कुंपणावरून हात घालणाऱ्या फिरस्त्यांपुढें ज्यांचें कांहीं चालत नाहीं, त्यांनीं पूर्ण फुगलेल्या कळ्या आदल्या सायंकाळींच तोडून ताम्हनांत ठेवाव्या. सकाळीं त्या घरांतच उमलतात.