एक-इंजिनी टर्बोप्रॉप विमान

एक-इंजिनी टर्बोप्रॉप विमान म्हणजे एकाच वायू टर्बाइन इंजिनाने फिरणाऱ्या प्रोपेलरच्या बळावर उडणारे विमान होय. मालवाहतूक, दुर्गम भागांतील प्रवासी सेवा, रुग्णवाहतूक, पिकांवरील फवारणी, छत्रीउडी आणि लष्करी वैमानिकांचे प्राथमिक प्रशिक्षण या कामांसाठी अशी विमाने वापरली जातात. सेसना कॅराव्हॅन, पिलाटस पीसी-१२, टीबीएम मालिका व कोडियाक ही या वर्गातील परिचित विमाने आहेत. ही चारही विमाने प्रॅट अँड व्हिटनी कॅनडा या कंपनीच्या पीटी-६ या एकाच इंजिनकुळावर उडत आली आहेत. त्यामुळे या वर्गासाठी नवे इंजिन कोण आणि केव्हा आणणार, हा विमान उद्योगातील जुना चर्चाविषय आहे.

इंजिनाची रचना

टर्बोप्रॉप इंजिनात आत घेतलेली हवा संपीडकात दाबली जाते, ज्वलनकक्षात इंधनाबरोबर जळते आणि तप्त वायू टर्बाइनची पाती फिरवून बाहेर पडतात. जेट विमानात या वायूंचा झोत विमानाला पुढे ढकलतो. टर्बोप्रॉपमध्ये मात्र त्यांची बहुतेक ऊर्जा दंडाद्वारे प्रोपेलरकडे वळवली जाते.

पीटी-६ मध्ये दोन स्वतंत्र दंड असतात. एका दंडावर संपीडक व त्याला चालवणारे टर्बाइन असते; त्याचा वेग मिनिटाला ३७,००० फेऱ्यांच्या घरात जातो. दुसऱ्या दंडावरील शक्ती-टर्बाइन दंतचक्रपेटीमार्फत प्रोपेलरला मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांनी फिरवते. दोन्ही दंडांमध्ये यांत्रिक जोड नसून केवळ वायूचा प्रवाह असतो, म्हणून इंजिन सुरू करताना जड प्रोपेलर फिरवावा लागत नाही. या इंजिनात हवा मागच्या बाजूने शिरते आणि पुढे वाहत जाते. कॅराव्हॅनच्या नाकाजवळच, प्रोपेलरच्या थोडेसे मागे, धुराचा नळ दिसतो तो यामुळेच. हनीवेलच्या टीपीई-३३१ इंजिनात याउलट एकच दंड असतो. वैमानिकाने शक्ती मागताच ते चटकन प्रतिसाद देते.

लहान टर्बाइनची अडचण

पिस्टन इंजिनाच्या तुलनेत टर्बाइन हलके असते व त्यात कंपने कमी असतात. सुरुवातीच्या सुमारे ५५० अश्वशक्तीच्या पीटी-६ चे वजन सव्वाशे किलोग्रॅमच्या आसपास होते. शिवाय बहुतेक पिस्टन विमानांना शिसेयुक्त विमान पेट्रोल लागते आणि ते जगाच्या अनेक भागांत दुर्मीळ आहे; टर्बाइनला लागणारे केरोसीनवर्गीय इंधन मात्र मोठी प्रवासी विमाने उतरतात तेथे मिळतेच.

मग प्रत्येक लहान विमानात टर्बाइन का बसवत नाहीत? टर्बाइन लहान करत नेले तरी पात्याचे टोक व आवरण यांमधील फट त्याच प्रमाणात लहान करता येत नाही. त्या फटीतून निसटणाऱ्या वायूचा वाटा वाढतो आणि कार्यक्षमता घटते. मोठ्या इंजिनांच्या पात्यांमध्ये थंड हवा खेळवण्यासाठी सूक्ष्म मार्ग कोरलेले असतात. बोटाच्या पेराएवढ्या पात्यात तसे करणे फार कठीण, म्हणून ज्वलनाचे तापमानही मर्यादित ठेवावे लागते. खर्च तर आकाराबरोबर कमी होतच नाही, कारण मिश्रधातू, अचूक यंत्रण व तपासणी हे सारे तेवढेच लागते. परिणामी सुमारे ३०० अश्वशक्तीच्या खाली पिस्टनचेच राज्य टिकून आहे. रोल्स-रॉइसने जाहीर केलेले आरआर-५०० हे लहान इंजिन बाजारात आलेच नाही. चेक प्रजासत्ताकातील पीबीएस कंपनीचे टीपी-१०० आणि फ्रान्सच्या टर्बोटेकचे, बाहेर जाणाऱ्या वायूंची उष्णता परत वापरणारे इंजिन हे या दिशेचे अलीकडचे प्रयत्न होत.

विकास

स्वित्झर्लंडच्या पिलाटस पीसी-६ या विमानाची टर्बाइन आवृत्ती १९६१ मध्ये उडाली. तिच्यात फ्रेंच आस्ताझू इंजिन होते. त्याच वर्षी पीटी-६ चे पहिले हवाई परीक्षण झाले. तथापि या वर्गाला खरी व्यापारी प्रतिष्ठा मिळवून दिली ती ९ डिसेंबर १९८२ रोजी प्रथम उडालेल्या सेसना कॅराव्हॅनने. फेडेक्सने लहान गावांपर्यंत पार्सले पोहोचवण्यासाठी हे विमान मोठ्या संख्येने घेतले. त्यानंतर १९८८ मध्ये टीबीएम-७०० आणि १९९१ मध्ये पीसी-१२ यांची पहिली उड्डाणे झाली. टीबीएम हे नाव फ्रान्समधील तार्ब हे गाव आणि मूनी ही अमेरिकी कंपनी यांवरून पडले.

सुरक्षितता व नियम

एकच इंजिन बंद पडले तर काय, हा आक्षेप या विमानांच्या पाठीस कायम लागलेला आहे. त्यामुळे ढगांत किंवा रात्री भाडे घेऊन प्रवासी नेण्यास अनेक देशांत दीर्घकाळ मनाई होती. कॅनडाने १९९३ मध्ये, अमेरिकेने १९९७ मध्ये आणि युरोपीय संघाने थेट २०१७ मध्ये अशा उड्डाणांचा मार्ग अटींसह मोकळा केला.

दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता, हे गणित वाटते तितके सरळ नाही. उड्डाण घेताना दोहोंपैकी एक बंद पडल्यास विमान एका बाजूला ओढले जाते आणि ते सावरताना झालेल्या चुकीतून अनेक अपघात घडले आहेत. एक-इंजिनी विमानाची रचनाच सक्तीच्या अवतरणाचा विचार करून केलेली असते. अमेरिकी नियमांनुसार त्याचा किमान उड्डाणवेग दीर्घकाळ ६१ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ११३ किलोमीटरपर्यंत, मर्यादित होता. पीसी-१२ इंजिनाविना एक किलोमीटर उंची गमावताना सुमारे १६ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. म्हणजे सहा किलोमीटर उंचीवर वैमानिकाला सुमारे ९५ किलोमीटर परिसरातील धावपट्टी शोधता येते. अर्थात खाली डोंगर किंवा समुद्र असेल तर या आकड्याचा फारसा उपयोग नाही.

नव्या इंजिनाची स्पर्धा

पीटी-६ ची ५०,००० हून अधिक इंजिने तयार झाली आहेत. इंजिन एकच असल्यामुळे विश्वासार्हता हीच ज्याची खरी किंमत, अशा बाजारात एवढ्या अनुभवासमोर नवख्याने उभे राहणे सोपे नव्हते. जनरल इलेक्ट्रिकने २००८ मध्ये चेक कंपनी वॉल्टर विकत घेऊन या क्षेत्रात पाय ठेवला. नोव्हेंबर २०१५ मध्ये टेक्स्ट्रॉनने आपल्या नियोजित विमानासाठी, म्हणजे पुढच्या डेनालीसाठी, जनरल इलेक्ट्रिकच्या सुमारे १,३०० अश्वशक्तीच्या वर्गातील इंजिनाची निवड केली. कॅटॅलिस्ट नावाच्या या इंजिनात हवा १६ पट दाबली जाते आणि इंधनाचा खर्च २० टक्क्यांपर्यंत कमी होईल असा निर्मात्यांचा दावा आहे. त्रिमितीय मुद्रणाने ८५५ सुट्या भागांची जागा १२ भागांनी घेतली. जुन्या पद्धतीत शक्ती, प्रोपेलर व इंधन यांसाठी वेगवेगळे दांडे असत. येथे संगणक एकाच दांड्याने दोन्ही यंत्रणा सांभाळतो.

इंजिन डिसेंबर २०१७ मध्ये प्रथम चालवले गेले. डेनालीचे पहिले उड्डाण २०१८ मध्ये अपेक्षित होते, ते २३ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. इंजिनाला अमेरिकी प्रमाणपत्र मिळायला २०२५ साल उजाडले. दरम्यान प्रतिस्पर्धी स्वस्थ बसला नाही. पूर्ण इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे पीटी-६ई हे इंजिन २०१९ मध्येच पीसी-१२ एनजीएक्स या विमानात बसवून आले. स्पर्धेचा पहिला लाभ ग्राहकांना असा जुन्याच कंपनीकडून मिळाला.

भारतात

हिंदुस्तान एरोनॉटिक्सने एचपीटी-३२ या पिस्टन प्रशिक्षण विमानाला ॲलिसन टर्बाइन बसवून एचटीटी-३४ तयार केले व ते १९८४ मध्ये उडवले. परंतु त्याची मालिका निघाली नाही. २००९ मधील अपघातानंतर एचपीटी-३२ विमाने जमिनीवर आली. ती पोकळी भरण्यासाठी २०१२ मध्ये ७५ पिलाटस पीसी-७ मार्क २ विमानांचा करार झाला. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ स्पाइसजेटने कोडियाक या जल-विमानाची चाचणी घेतली.

देशी बनावटीचे एचटीटी-४० हे ३१ मे २०१६ रोजी बंगळूर येथे प्रथम उडाले. मार्च २०२३ मध्ये हवाई दलासाठी अशा ७० विमानांचा करार झाला असून त्यांच्या निर्मितीची दुसरी साखळी नाशिक येथे उभारण्यात आली आहे. विमान देशी असले तरी त्यात हनीवेलचे टीपीई-३३१ इंजिन आहे.