जत : माणसं थोडी, अंतरं फार

सांगली जिल्हा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कृष्णाकाठ येतो. ऊस, हळद, द्राक्षं येतात. आज आपण त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, कर्नाटकाला लागून असलेल्या जत तालुक्यात जाणार आहोत. प्रश्न साधा आहे. जिथे माणसं विरळ राहतात, तिथे सरकारचं माप चालतं का?

आधी आकडे बघू. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख २२ हजार होती आणि क्षेत्रफळ ८,५७२ चौरस किलोमीटर. म्हणजे दर चौरस किलोमीटरला सरासरी ३२९ माणसं. जत तालुका सुमारे सव्वादोन हजार चौरस किलोमीटरचा, जिल्ह्याच्या पाव हिश्शाहून मोठा. लोकसंख्या मात्र ३ लाख २८ हजारांच्या आसपास, म्हणजे जिल्ह्याच्या जेमतेम बारा टक्के. घनता येते सुमारे १४५.

असं का झालं? मुख्य कारण पाऊस. सह्याद्री ढगांना अडवतो, त्यामुळे जिल्ह्याच्या पश्चिमेला, शिराळ्याकडे, भरपूर पाऊस पडतो. जत पर्जन्यछायेत आहे. तिथे वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही बेभरवशाचा. बोर नदी वर्षातला बराच काळ कोरडी असते. माळाची माती पातळ, खाली खडक. अशा रानात एका कुटुंबाचं पोट भरायला जमीन जास्त लागते, म्हणून वस्ती पांगते. गाव एका जागी आणि माणसं रानातल्या वस्त्यांवर. बाजरी, ज्वारी आणि मेंढरं हा जुना आधार. माडग्याळची मेंढी उगीच प्रसिद्ध झालेली नाही. अलीकडे डाळिंब आणि द्राक्षं आली, पण जिथे पाणी तिथेच.

हे आजचं नाही. जत हे डफळे घराण्याचं संस्थान होतं. १९०१ मध्ये डफळापूर धरून त्याचं क्षेत्रफळ ९८० चौरस मैल होतं आणि लोकसंख्या ६८,६६५. संस्थानाच्या आणि आजच्या तालुक्याच्या हद्दी तंतोतंत जुळत नाहीत, तरी हिशोब करून बघा : दर चौरस किलोमीटरला फक्त २७ माणसं.

आता थोडं लांब जाऊ. कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतात गवताळ मैदानं आहेत. तिथली ग्रामीण म्युनिसिपालिटी साधारण १८ मैल लांब, १८ मैल रुंद असते, म्हणजे सुमारे ८४० चौरस किलोमीटर. अशा अडीच-पावणेतीन म्युनिसिपालिट्या जतमध्ये बसतील. पण त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हजार माणसंही नाहीत! त्या मानाने जत गजबजलेलं वाटेल. तरीही दोघांची अडचण एका जातीची आहे. रस्ता किती माणसं वापरतात यावर त्याचा खर्च ठरत नाही, त्याच्या लांबीवर ठरतो. मोठा फरक असा की तिकडे शेतं मोठी होत गेली आणि माणसं निघून गेली. इकडे कोरडवाहू रानावरच माणसं वाढली.

आता आपल्या मापाकडे येऊ. सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. जिल्ह्याच्या सरासरी घनतेने ३०,००० माणसं ९१ चौरस किलोमीटरमध्ये सापडतात. जतमध्ये तेवढी माणसं गोळा करायला २०७ चौरस किलोमीटर लागतात. कागदावर दोन्हीकडे एकच केंद्र, समान न्याय. पण रात्री कळा सुरू झालेल्या बाईला वस्तीवरून किती लांब जायचंय, हे त्या निकषात कुठेच येत नाही.

टँकरचंही तसंच. टंचाईत माणशी रोज २० लिटर पाणी धरतात. समजा, २,००० वस्तीचं गाव आहे. रोज ४०,००० लिटर लागणार. टँकर १०,००० लिटरचा असेल तर चार खेपा. पाणी भरायची जागा २५ किलोमीटरवर असली तर एका गावासाठी रोज २०० किलोमीटर! आणि गाव वस्त्यांवर पांगलेलं असेल तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर घागर डोक्यावरच.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. जतमधली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. २०११ ची शिरगणती फेब्रुवारीत झाली, ऊसतोडीच्या भर हंगामात. त्या काळात जो घराबाहेर असतो, त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे होते. म्हणजे माणसं नेमकी नसतात तेव्हा मोजायची, आणि ती परत येतात तेव्हा मे महिन्याची टंचाई असते.

मग लोक काय करतात? जवळचं बघतात. पूर्वेकडच्या उमदीला सांगलीपेक्षा विजयपूर कितीतरी जवळ. घरात कन्नड, कचेरीत मराठी, आणि गुड्डापूरच्या दानम्मादेवीला दोन्ही बाजूंचे भाविक. २०१२ च्या दुष्काळात सुमारे ४० गावांनी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता. २०२२ मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याच ठरावांचा दाखला देत या गावांचा विषय काढला आणि सीमावाद पेटला. त्याच सुमारास कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी तिकोंडीच्या तलावात आलं. आमच्या मते तो ठराव भाषेचा नव्हता, पाण्याचा होता.

महाराष्ट्राने काहीच केलं नाही, असं म्हणणंही खोटं ठरेल. म्हैसाळ योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या बाजूला आणते. वंचित ६५ गावांसाठी विस्तारित म्हैसाळ योजना हाती घेतली आहे. पण उपसा म्हणजे वीज, आणि वीजबिल थकलं की पंप बंद. म्हणून ८१ टक्के बिल शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचं, असं सूत्र ठरलं. संखला अपर तहसील कार्यालय झालं, त्यामुळे पूर्वभागाचा जतचा हेलपाटा वाचला. ८१-१९ मध्ये पाणी उचलण्याचा खर्च मान्य झाला आणि संखमध्ये अंतर मान्य झालं, हे महत्त्वाचं.

आमचं म्हणणं एवढंच आहे. डोंगरी आणि आदिवासी भागात आरोग्य केंद्राचा निकष ३०,००० वरून २०,००० वर आणलेला आहेच. म्हणजे भूगोल बघून माप बदलता येतं. विरळ वस्तीच्या अवर्षणप्रवण तालुक्यांना तीच सवलत का नको? जतच्या सपाट माळावर डोंगर नाही हे खरं, पण चालायचं अंतर डोंगराएवढंच आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.