वॉचमनची वही, संगणकाची वही

मुलुंडच्या सोसायटीत ओळखीच्या सभासदासोबत आलेल्या पाहुण्याला वॉचमन सहसा अडवत नाही. संगणकातली ‘डीएलएल साइडलोडिंग’ ही हल्लेखोरांची युक्ती तशीच. प्रोग्राम अस्सल, डिजिटल सहीचा. पण त्याला लागणारी डीएलएल, म्हणजे तयार कोडची फाइल, तो बहुधा आधी स्वतःच्याच फोल्डरमध्ये शोधतो. तिथे त्याच नावाची तोतया ठेवली की झालं. जुलै २०२१च्या कासेया या सॉफ्टवेअर कंपनीमार्फत झालेल्या रॅन्समवेअर हल्ल्यात हल्लेखोरांनी मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटीव्हायरसचीच जुनी प्रत अशी वापरली. राखणदारच चोराचा सोबती!

असा पाहुणा पकडायला वॉचमनसारखी नोंदवही हवी. विंडोजवरचं सिसमॉन हे मोफत साधन प्रोग्राम सुरू झाल्याची नोंद क्रमांक १ खाली ठेवतं, डीएलएल लोड झाल्याची ७ खाली. ही सातवी नोंद मुळात बंद असते. मुद्दाम चालू करा. ओळखीचा प्रोग्राम भलत्या फोल्डरमधून चालतोय, शेजारी बिनसहीची डीएलएल? संशय घ्या. आणि वही जपून ठेवा: सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशाने अंधेरीतल्या कंपन्यांनाही अशा नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपावे लागतात.