डेकवरील झडप आणि आमचा झरोका

जालन्यास समुद्र नाहीं. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, शहरांतून कुंडलिका कशीबशी सरकते, आणि नौकेशीं आमचा संबंध म्हणावा तर वर्गांत 'नौः, नावौ, नावः' हीं रूपें घोकून घेण्यापुरताच. तथापि एका नौकेच्या झडपेपासून आम्ही उतारवयांत जें शिकलों, तें वाचकांच्या घरींहि उपयोगीं पडेल असें वाटतें.

आमच्या वाड्याच्या माळवदास, पोथ्यांच्या खोलींत उजेड यावा म्हणून, एक झरोका आहे. त्याची कांच वानरांनीं फोडल्यावर आम्हीं अ‍ॅक्रिलिकचा पत्रा आणून तो लोखंडी चौकटीस स्क्रूंनीं घट्ट आवळला. दर दिवाळीस स्पिरिटनें पुसून लख्ख ठेविला. पांचसहा वर्षांत त्यावर केसासारख्या चिरांचें जाळें पसरलें, स्क्रूंच्या भोंकांपासून दोन भेगा निघाल्या, आणि मृगाच्या पहिल्याच सरीला पाणी वडिलांच्या हस्तलिखित पोथ्यांवर गळलें. दोष मालाचा, असें म्हणून आम्ही मोकळे झालों.

त्याच वर्षीं दिवाळींत गोव्यास पुतण्याकडे गेलों. तो नौका बांधण्याच्या कारखान्यांत कामास आहे. तेथील मांडवी नदींतल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादई' या ५६ फुटी शिडाच्या नौकेंतून कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. पुढें गोव्यांतच बांधलेल्या 'तारिणी'नें २०१७-१८ मध्यें नौदलाच्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांस, व २०२४-२५ मध्यें दिलना के. आणि रूपा ए. या दोघींसच, जगाभोंवतीं फिरवून आणलें. समुद्र खवळला म्हणजे अशा नौकांच्या डेकवरून लाटा वाहून जातात, आणि खालीं निजलेल्याच्या माथ्यावर असते ती अ‍ॅक्रिलिकचीच झडप! भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत नौकेवरील खोली कोठें असावी यावरून नौकांचे भेद केले आहेत. त्या खोलींत उजेड कसा आणावा ही विवंचना पुढच्यांची.

पुतण्या एका जुन्या झडपेचा पत्रा बदलीत होता. आम्हीं आपली हकीकत सांगितली तेव्हां तो हंसून म्हणाला, "काका, स्पिरिटनें पुसलात तेथेंच घात झाला. यास साबणाचें पाणी आणि मऊ फडकें, एवढेंच सोसतें."

दुसरी चूक स्क्रूंची. उष्णमान ४० अंशांनीं चढलें असतां अर्धा मीटर लांबीचा अ‍ॅक्रिलिकचा पत्रा सुमारें १.४ मिलिमीटर वाढतो, तेवढ्याच लांबीची अ‍ॅल्युमिनियमची चौकट मात्र अर्धा मिलिमीटरहि वाढत नाहीं. पत्र्यास हलावयास जागा नसेल तर तो तडकणारच. आणि जालन्याचा वैशाख तर वाचकांस ठाऊकच आहे. म्हणून अशा झडपेंत पत्रा आवळीत नाहींत, कडेनें फट ठेवून सिलिकोनवर बसवितात. जुना पत्रा सुरीनें सोडवून त्यावरून नव्याचा आकार आंखावयाचा; जाडी पहिल्याइतकीच, आणि माल साच्यांत ओतून केलेला, कारण यंत्रांतून दाबून काढलेल्या पत्र्यास चिरा लवकर जातात. खरें कष्ट यापुढें आहेत. चौकटींतील जुनें सिलिकोन कणभरहि राहतां कामा नये, त्यावर नवें धरत नाहीं. पुतण्यानें एका झडपेच्या खांचणीपायीं अख्खी सकाळ घालविली. मग खालीं रबराचे लहान तुकडे ठेवून त्यानें पत्रा अलगद टेकविला. दाबून बसविला असता तर सगळें सिलिकोन बाहेर येऊन ताण घेण्यास कांहींच उरलें नसतें. त्यानंतर कित्येक दिवस झडपेस हात लावूं नये असा त्याचा दंडक. आम्ही निघेपर्यंत त्यानें आम्हांस ती उघडूं दिली नाहीं.

घरीं परतल्यावर आम्हीं झरोक्याचें काम याच रीतीनें करविलें. कारागीर स्क्रू मारण्यास फार उत्सुक होता. त्यास आवरतां आवरतां आमची शाळेंतली छडी आठवली. वहिनींचा अर्थातच विश्वास बसेना. त्यांनीं आठ दिवसांनीं मुलांकडून माळवदावर दहा घागरी पाणी ओतविलें, आणि खालीं परात घेऊन स्वतः बसल्या. परात कोरडी राहिली.

त्यावर दोन पावसाळे गेले. भिजलेल्या पोथ्यांपैकीं एकीचीं अकरा पानें फुटून वाचेनाशीं झालीं होतीं. दुसऱ्या एका प्रतीवरून तीं आम्ही झरोक्याखालीं बसून उतरून काढीत आहों. सातवें पान चाललें आहे.