ध्रुवीय हिमावरणांचे वजन

ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील हिमावरण दरसाल किती घटते, या प्रश्नाचे उत्तर केवळ उंची मोजून पुरतेपणी मिळत नाही. पृष्ठभाग एक मीटरने खाली आला, तर तेथील घट्ट बर्फ नाहीसा झाला की भुसभुशीत हिम दबून बसले, हे उंचीवरून कळत नाही. आणि या दोहोंच्या घनतेत तर मोठे अंतर असते. तेव्हा हिमाचे वजनच करावे, अशी कल्पना सुचणे साहजिक होय. मार्च २००२ मध्ये अमेरिका व जर्मनी यांनी संयुक्तपणे सोडलेले ‘ग्रेस’ उपग्रह म्हणजे असा एक तराजू होता.

हे दोन जुळे उपग्रह प्रारंभी सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून, एकामागून एक सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून, जवळजवळ ध्रुवांवरून जाणाऱ्या एकाच कक्षेत फिरत. पुढील उपग्रह अधिक वस्तुमानाच्या प्रदेशाजवळ येऊ लागला की तो पुढे ओढला जाई व दोघांतील अंतर किंचित वाढे. तो प्रदेश ओलांडल्यावर त्यालाच मागे ओढ बसे, मागचा मात्र अद्याप पुढे खेचला जात असे, आणि अंतर पुन्हा घटे. हा फेरफार सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने काही मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे केसाच्या जाडीच्याही अल्पांशापर्यंत, मोजता येई. विरळ हवेच्या घर्षणाचा परिणाम वेगळा काढण्यासाठी प्रत्येक उपग्रहात प्रवेगमापक बसविला होता.

महिनाभराच्या अशा नोंदींवरून पृथ्वीच्या गुरुत्वक्षेत्राचा एक नकाशा सिद्ध होतो. एका महिन्याच्या नकाशातून दुसऱ्याचा वजा केला, की दोहोंत समान असलेले डोंगर व खडक गळून पडतात. हवा व भरती-ओहोटी यांचा भाग गणिताने वगळल्यावर जे उरते, त्यात मुख्यत्वे स्थानांतर झालेले पाणी व हिम असते. या नकाशांत साधारण ३०० किलोमीटरांहून लहान तपशील दिसत नाही, म्हणून एखाद्या हिमनदीचा हिशेब त्यांच्याकडे मागू नये. तरंगत्या हिमाची घटही या तराजूस जवळजवळ जाणवत नाही. कारण ते आपल्या वजनाइतकेच पाणी दूर सारून राहिलेले असते.

२००२ नंतरच्या सुमारे वीस वर्षांत ग्रीनलंडने दरसाल सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास, तर अंटार्क्टिकाने १५० अब्ज टनांच्या आसपास हिम गमावले. सुमारे ३६० अब्ज टन पाणी जगातील सागरपातळी सरासरीने एक मिलिमीटर वाढविते. मात्र ही वाढ सर्वत्र सारखी नसते. हिम कमी झाले की त्याची सागराला असणारी ओढही कमी होते. त्यामुळे ग्रीनलंडलगतचा समुद्र उलट खाली जातो आणि ते पाणी दूरच्या सागरांत पसरते. मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा या अंकांशी संबंध येतो तो असा.

परंतु या पद्धतीतील खरी अडचण उपग्रहांत नाही. ती हिमाखालील भूमीत आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी ध्रुवांकडील हिमाचा भार आजच्याहून बराच अधिक होता. तो उतरल्यावर दबलेली भूमी हळूहळू वर येऊ लागली, व अजूनही येत आहे. तिच्याखाली प्रावरणातील द्रव्य सरकत येते. उपग्रहाला हे नवे वस्तुमान आणि नवे हिम यांत भेद करता येत नाही. प्रावरणाची घनता हिमाच्या साडेतीनपटींहून अधिक असल्याने खाली एक सेंटीमीटर जाडीचे द्रव्य आले, तर वर साडेतीन सेंटीमीटर हिम साचल्याचा भास होतो. ही दुरुस्ती न केल्यास अंटार्क्टिकाची घट प्रत्यक्षाहून बरीच कमी दिसेल. ग्रीनलंडच्या बाबतीत ती अल्प आहे. अंटार्क्टिकाच्या बाबतीत मात्र ती मोजावयाच्या घटीशी तुलना करण्याइतकी मोठी असून, प्रावरणाच्या स्निग्धतेविषयी जे गृहीत धरावे त्याप्रमाणे बदलते. अंटार्क्टिकाचे आकडे निरनिराळ्या अभ्यासकांकडून निरनिराळे येतात, त्याचे एक प्रमुख कारण हेच.

यावर उपाय म्हणून उघड्या खडकांवर स्थाननिश्चितीची यंत्रे पक्की बसवून भूमीची चढण प्रत्यक्ष मोजली जाते. पश्चिम अंटार्क्टिकातील अमुंडसेन समुद्राच्या काठी ती वर्षाला ४१ मिलिमीटरपर्यंत आढळल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील प्रावरण अपेक्षेहून पुष्कळच पातळ, म्हणजे सहज वाहणारे, असल्याचे त्यावरून दिसते. त्याच वर्षी मे महिन्यात ‘ग्रेस’चे उत्तराधिकारी उपग्रह कक्षेत गेले. मूळ जोडीचे कार्य ऑक्टोबर २०१७ मध्ये थांबले होते. त्यामुळे मधल्या महिन्यांचे हिमाचे वजन इतर मापनांच्या आधारे अनुमानावेच लागते.